आद्याक्षराचे बंधन आणि गीताची निवड : जपानी काराओकेतील एका अक्षरक्रीडेचा विचार

प्रास्ताविक

'काराओके' हा शब्द आता मराठी वाचकालाही अपरिचित राहिलेला नाही. जपानी भाषेत 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे 'ऑर्केस्ट्रा' या परकीय शब्दाचे जपानी जिभेने केलेले लघुरूप. वादक समोर नसताना वाजणारा वाद्यवृंद, असा त्याचा ढोबळ अर्थ होय. टोकियोतील शिगेइची नेगिशी यांनी 1967 मध्ये आणि कोबे येथील दाइसुके इनोउए यांनी 1971 मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशी यंत्रे तयार केली. इनोउए यांनी आपली पहिली अकरा यंत्रे कोबेतील मद्यगृहांना भाड्याने दिली. पेटंट मात्र घेतले नाही. पुढे 1980 च्या दशकात काराओकेसाठी लहान लहान स्वतंत्र खोल्या निघाल्या आणि 1992 पासून दूरध्वनीच्या तारेवरून गाणी पुरविणारी यंत्रे आली. हा इतिहास अनेकांनी सांगितला आहे. जपानी समाजातील कार्यालयीन संबंध, मद्यपान, फावला वेळ आणि तंत्रज्ञान या अंगांनी काराओकेचा अभ्यासही विपुल झाला आहे.

या अभ्यासात एक साधा प्रश्न बहुधा बाजूला पडतो. खोलीत चार-सहा माणसे बसली आहेत, समोर हजारो गाण्यांची यादी आहे; अशा वेळी नेमके कोणते गाणे गायचे, हे ठरते कसे? आवड, वय, आवाजाची पट्टी, सोबतच्या मंडळींची मर्जी ही उत्तरे उघड आहेत. यांखेरीज जपानी तरुणांत रूढ असलेली आणखी एक रीत आहे. आधी एक नियम ठरवायचा आणि त्या नियमात बसणारेच गाणे निवडायचे. या नियमाला ते 'शिबारी' म्हणतात. शिबारी म्हणजे बांधणे, बंधन. एकाच दशकातील गाणी, केवळ ऋतूंची गाणी, केवळ चित्रमालिकांची गाणी अशी बंधने असतात. त्यांतील सर्वांत कोरडे, अर्थाशी काहीही संबंध नसलेले बंधन म्हणजे शीर्षकाच्या पहिल्या अक्षराचे. आज फक्त 'का' पासून सुरू होणारी गाणी. किंवा पहिल्याने 'आ' चे गायचे, दुसऱ्याने 'इ' चे, तिसऱ्याने 'उ' चे. किंवा आधीच्या शीर्षकाचे शेवटचे अक्षर घेऊन पुढचे शीर्षक शोधायचे.

या खेळाला वेळ घालविण्याचे साधन म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु बंधन जितके निरर्थक, तितके त्याच्या जाळ्यात सापडणारे साहित्य अनपेक्षित असते. गायक आपल्या आवडीने गाणे निवडतो तेव्हा त्या निवडीत गायकच दिसतो. अक्षराने गाणे निवडले की त्यात भाषा दिसू लागते. प्रस्तुत लेखात या खेळाकडे त्या दृष्टीने पाहिले आहे.

काना, अक्षर आणि वर्णक्रम

इंग्रजीत लिहिणारे अभ्यासक या खेळाचे वर्णन करताना 'सिलेबल' हा शब्द वापरतात. तो येथे पुरता बसत नाही. जपानी लिपीतील 'काना' हे चिन्ह मराठीतील 'अक्षर' या संकल्पनेला अधिक जवळचे आहे. 'का', 'सु', 'मे' ही एकेक काना होत. दीर्घ स्वराचा लांबलेला भाग ही स्वतंत्र काना धरली जाते आणि शब्दान्ती येणारा 'न्' हीसुद्धा एक पूर्ण काना असते. त्यामुळे 'शिंबुन' (वृत्तपत्र) हा शब्द मराठी कानाला दोन अक्षरांचा वाटला तरी जपानी मोजणीत त्यात शि, न्, बु, न् अशा चार काना आहेत. गीताच्या चालीतही पुष्कळदा दर कानाला एक स्वर मिळतो. ज्या समाजात पाच-सात-पाच अशी मोजणी करून कविता रचली गेली, त्याचा कान या मापाला सरावलेला असणे स्वाभाविक आहे.

या कानांचा आज रूढ असलेला क्रम 'गोजूओन', म्हणजे 'पन्नास ध्वनी', या नावाने ओळखला जातो. आ, इ, उ, ए, ओ. नंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी. मराठी वाचकाला हा क्रम ऐकताच कोठेतरी ओळखीचा वाटतो, आणि तो आभास नव्हे. बौद्ध मंत्रांच्या शुद्ध उच्चारासाठी जपानी भिक्षूंनी सिद्धम् लिपीचा आणि तिच्याद्वारे संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला. कूकाई हा भिक्षू 804 मध्ये चीनला गेला आणि परतताना ही विद्या घेऊन आला. अकराव्या शतकापासून जपानी ध्वनींची संस्कृत वर्णक्रमावर बेतलेली मांडणी आढळू लागते. कंठ्य 'क' प्रथम, ओष्ठ्य 'म' नंतर, आणि य, र, व शेवटी हा क्रम थेट आपल्या वर्णमालेचा आहे. 'सा' ची ओळ 'च' वर्गाच्या जागी कशी आणि 'हा' ची ओळ 'प' वर्गाच्या जागी कशी, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर ध्वनिपरिवर्तनात आहे. आजचा 'ह' प्राचीन जपानीत 'प' होता, आणि 'स' चा उच्चारही 'च'–'त्स' यांच्या जवळचा असावा असे मानले जाते. उच्चार बदलले तरी जागा बदलली नाही.

हा क्रम जपानमध्ये व्यवहारात रुळण्यास मात्र फार काळ लागला. शतकानुशतके कोश, याद्या आणि मुलांचे अक्षरशिक्षण यांसाठी 'इरोहा' हा क्रम वापरला जाई. सत्तेचाळीस काना प्रत्येकी एकदाच येतील अशी रचलेली ती एक कविता आहे, आणि तिच्यातील अक्षरांचा क्रम हाच वर्णक्रम. 1889 ते 1891 या काळात फुमिहिको ओत्सुकी यांचा 'गेंकाई' हा कोश गोजूओन क्रमाने प्रसिद्ध झाला, तेव्हा हा क्रम अनेकांना परका वाटला होता. एका बाजूला अर्थपूर्ण कवितेतून मिळणारा क्रम आणि दुसऱ्या बाजूला मुखातील उच्चारस्थानांवरून मिळणारा क्रम, अशी ही स्पर्धा होती. काराओकेच्या खोलीत आज आ-इ-उ-ए-ओ म्हणत क्रमाने गाणारी मंडळी ज्या जिन्याने चढतात, त्याच्या पायऱ्या भारतीय शिक्षाशास्त्राने घडविल्या आहेत, ही गोष्ट त्यांतील फार थोड्यांच्या ध्यानी असेल.

पहिल्या अक्षरावरून कविता ओळखणे

आद्याक्षराशी खेळणे ही जपानी काव्यपरंपरेला नवीन गोष्ट नाही. 'इसे मोनोगातारी' या दहाव्या शतकातील ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात प्रवासी मंडळी यात्सुहाशी येथे फुललेली 'काकित्सुबाता' ही फुले पाहतात, आणि त्या नावाची पाच अक्षरे पाच चरणांच्या आरंभी आणून एक जण कविता रचतो. घरापासून दूर आल्याची व्यथा त्या कवितेत आहे. फुलाचे नाव चरणांच्या आरंभी लपलेले आहे.

काराओकेच्या खेळाला अधिक जवळचा पूर्वज म्हणजे 'करुता'. फुजिवारा नो तेइका याने तेराव्या शतकात निवडलेल्या शंभर कवींच्या शंभर कवितांवर, म्हणजे 'ह्याकुनिन इश्शू' वर, हा पत्त्यांचा खेळ आधारलेला आहे. वाचक कवितेचा पूर्वार्ध म्हणू लागतो आणि खेळाडूने समोरच्या चटईवर मांडलेल्या पत्त्यांतून त्या कवितेचा उत्तरार्ध असलेला पत्ता झडप घालून उचलायचा असतो. 1904 मध्ये रुइको कुरोइवा यांनी त्याचे स्पर्धात्मक नियम ठरविले. या खेळात पूर्ण कविता ऐकण्याची गरज नसते. शंभरांपैकी सात कविता अशा आहेत की त्यांचे पहिले अक्षर उच्चारताच दुसरी कोणतीही कविता संभवत नाही. मु, सु, मे, फु, सा, हो, से ही ती सात अक्षरे. उलट 'आ' ने आरंभ होणाऱ्या सोळा कविता आहेत. तेथे थांबावे लागते. काही जोड्या तर अशा आहेत की पहिली पाच अक्षरे समान असल्यामुळे सहावे कानी पडेपर्यंत निर्णय होत नाही. नियम जाणणारा खेळाडू कवितेकडे अर्थाच्या बाजूने येत नाही, तो आरंभीच्या ध्वनीच्या बाजूने येतो. तरीही शंभर कविता त्याला मुखोद्गत असाव्या लागतात, हे विसरता येत नाही.

या शंभर कवितांची आद्याक्षरे एकत्र मांडली असता त्यांची संख्या केवळ सत्तावीस भरते. त्यांत रा, रि, रु, रे, रो या ओळीतील एकही अक्षर नाही. येथून काराओकेकडे वळले की खेळातील खरी गंमत हाती लागते.

'रा' ओळीतील गाणी

प्राचीन जपानीत मूळच्या देशी शब्दाच्या आरंभी 'र' येत नसे. जपानी भाषेतील 'र' ने सुरू होणारे शब्द प्रामुख्याने बाहेरून आलेले आहेत. आधी चिनी भाषेतून, नंतर युरोपीय भाषांतून. जुन्या दरबारी कवितेने देशी शब्दसंग्रहाबाहेर सहसा पाऊल टाकले नाही, म्हणून तेइकाच्या संग्रहात ही ओळ रिकामी राहिली. मराठीत 'ळ' आणि 'ण' यांनी शब्दारंभ होत नाही, तशीच ही स्थिती समजावी. फरक इतकाच की मराठीत ही दारे बंदच राहिली. जपानीत ती उघडली.

आता खेळात 'रा' ची ओळ आली असे समजावे. गायकांच्या ओठी कोणती शीर्षके येतील? युद्धानंतरच्या जपानमधील पहिले मोठे लोकप्रिय गीत मानले जाते ते 'रिंगो नो उता', म्हणजे सफरचंदाचे गाणे. ऑक्टोबर 1945 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'सोयोकाझे' या चित्रपटातील हे गीत 1946 च्या आरंभी ध्वनिमुद्रिकेवर आले. 'रिंगो' हा शब्द चिनी मूळाचा आहे. मिसोरा हिबारी यांचे 1952 चे 'रिंगो ओइवाके' याच फळाचे. त्यानंतर हिरोमी इवासाकी यांचे 'रोमान्सु' (1975), आकिरा तेराओ यांचे 'रुबी नो युबिवा' (1981), 'द ब्लू हार्ट्स' या वृंदाचे 'रिंदा रिंदा' (1987), 'मॉर्निंग मुसुमे' या मुलींच्या वृंदाचे 'राबु माशीन' (1999), आणि केंशी योनेझू यांचे 'रेमोन' (2018). रोमान्स, रुबी, लिंडा, लव्ह मशीन, लेमन. जपानीत 'र' आणि 'ल' हा भेद नसल्यामुळे इंग्रजीतील दोन्ही अक्षरांचे शब्द एकाच ओळीत येऊन बसतात.

हा क्रम कोणी हेतुतः लावलेला नाही. अक्षराने तो लावला. परंतु त्यात विसाव्या शतकातील जपानी गीताच्या शब्दकळेचा प्रवास दिसतो. आधी चिनी शब्दाचे सफरचंद, मग पाश्चात्य प्रेमकल्पना, मग परकीय स्त्रीचे नाव, आणि शेवटी शीर्षकच रोमन लिपीत लिहिलेले 'लेमन'. एखाद्या भाषाशास्त्रज्ञाने हेच सांगण्यासाठी तक्ते केले असते. खोलीतील मंडळींनी ते गाऊन दाखविले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. हाच प्रयोग 'का' किंवा 'आ' या समृद्ध ओळींवर केल्यास एवढे स्पष्ट काही हाती लागत नाही. तेथे देशी, चिनी आणि युरोपीय शब्द सरमिसळ असतात. ज्या अक्षराची गाणी सहजी सुचत नाहीत, तेच अक्षर बोलके ठरते, असा अनुभव येतो.

कान की लिपी

अंत्याक्षर घेऊन पुढे जाण्याच्या प्रकाराला 'शिरितोरी' म्हणतात. शब्दार्थाने, 'शेपूट धरणे'. मुले साध्या शब्दांनी हा खेळ खेळतात. ज्या शब्दाचा शेवट 'न्' ने होतो तो उच्चारणारा हरतो, कारण 'न्' ने आरंभ होणारा जपानी शब्द नसतो. काराओकेत हाच नियम शीर्षकांना लावतात, आणि तेथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. ती उदाहरणानेच स्पष्ट होईल.

क्यू साकामोतो यांनी 1961 मध्ये गायिलेले 'उए ओ मुइते आरुको' हे गीत घेऊ. शब्द रोकुसुके एइ यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची. शीर्षकाचा शेवट कानाला दीर्घ 'ओ' असा ऐकू येतो. लिहिताना मात्र शेवटची काना 'उ' असते. जपानी लेखनात दीर्घ 'ओ' असाच लिहिला जातो. खेळ लेखनाप्रमाणे खेळायचा की कानाप्रमाणे?

लेखनाप्रमाणे खेळल्यास पुढचे गीत 'उ' चे हवे. मेइको काजी यांचे 1972 चे 'उरामी-बुशी' घ्यावे. त्याचा शेवट 'शि'. म्हणून 1974 चे 'शोवा कारेसुसुकी', जे लेखनात 'शि' या कानाने सुरू होते. त्याचा शेवट 'कि'. म्हणून हारुमी मियाको यांचे 1975 चे 'किता नो यादो कारा'. शेवट 'रा'; आणि 'रा' म्हटले की 'राबु माशीन' जिभेवर येते. त्याचा शेवट 'न्'. गाणारा हरला. पाच गाण्यांत 1961 ते 1999 असा अडतीस वर्षांचा प्रवास झाला. आशादायी पदन्यास, सूडाचे चित्रपटगीत, दारिद्र्याचे द्वंद्वगीत, उत्तरेतील सरायीतून आलेला विरह आणि मंदीच्या दशकातील उसना उत्साह, अशी ही साखळी एखाद्या संकलकाला सुचली नसती.

कानाप्रमाणे खेळल्यास 'ओ' चे गीत हवे. जपानमध्ये सर्वाधिक खपलेली एकेरी ध्वनिमुद्रिका म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते 1975 चे 'ओयोगे! ताइयाकी-कुन' कोणालाही आठवेल. माशाच्या आकाराच्या, आत गोड सारण भरलेल्या खाऊला उद्देशून ते आहे. त्याचा शेवट 'कुन', म्हणजे 'न्'. दुसऱ्याच गाण्याला खेळ संपला.

एकच गीत, दोन नियम आणि दोन वेगळी भवितव्ये. येथे दोष कोणत्याच पक्षाचा नाही. गीत ही ऐकण्याची वस्तू आहे. शीर्षक ही वाचण्याची वस्तू आहे. आद्याक्षराचा खेळ शीर्षकावर उभा असल्यामुळे तो मुळातच लिपीच्या बाजूला झुकतो. ज्या मंडळीत कानाचा नियम चालतो, ती मंडळी नकळत खेळाला गीताच्या जवळ आणते, असे म्हणावे लागेल. खेळ मात्र लेखनाच्या नियमाने अधिक रंगतो, ही त्यातील विसंगती.

भेंड्या आणि शीर्षक

मराठी वाचकाला येथे गाण्याच्या भेंड्या आठवल्याशिवाय राहणार नाहीत. दोन्ही खेळांचे नाते उघड आहे, पण साम्यापेक्षा भेद अधिक उद्बोधक आहे. भेंड्यांत शीर्षक नसते. मराठी भावगीत, अभंग किंवा चित्रपटगीत बहुधा त्याच्या पहिल्या ओळीनेच ओळखले जाते. गाथेच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते, तीही आरंभीच्या शब्दांवरूनच. त्यामुळे मराठीत गीताचे आद्याक्षर म्हणजे गाताना तोंडातून निघणारे पहिले अक्षर होय. जपानी ध्वनिमुद्रित गीताला कवितासंग्रहातील कवितेसारखे स्वतंत्र शीर्षक असते. ते कधी पहिल्या ओळीशी जुळते, कधी जुळत नाही. साकामोतो यांच्या गीतात ते जुळते. पण हेच गीत 1963 मध्ये अमेरिकेत पोहोचले तेव्हा त्याला 'सुकियाकी' हे एका मांसाहारी पदार्थाचे नाव मिळाले, आणि त्याच नावाने ते तेथील विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानी गेले. गीतात जेवणाचा उल्लेख नाही. जपानमध्ये 'उ' पाशी शोधायचे गाणे परदेशी यादीत 'एस' पाशी सापडते. शीर्षक हे गीताच्या देहावर बाहेरून बसविलेले असते, याचा याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही.

दुसरा भेद स्मृतीचा. भेंड्यांत पुस्तक नसते, यंत्र नसते. जे आठवते तेच गाता येते. दोन ओळी गायिल्या की पुरे, आणि पुष्कळदा त्या दोन ओळींपलीकडे गाणे कोणालाच येत नसते. काराओकेत शब्द पडद्यावर उमटतात, वाद्यवृंद वाट दाखवितो आणि गीत शेवटपर्यंत म्हणावे लागते. भेंड्या स्मृतीची परीक्षा घेतात आणि गीताचे तुकडे करतात. काराओके स्मृतीला सुटी देतो आणि गीत अखंड ठेवतो. यांत श्रेष्ठ कोणते, असा वाद घालण्यात अर्थ नसला तरी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. भेंड्यांत शेवटचे अक्षर कोठे येईल हे गायकाच्या हाती असते, कारण ओळ कोठे तोडायची हे तो ठरवतो. कसलेला खेळाडू प्रतिपक्षावर अवघड अक्षर आणून सोडतो. शीर्षकाच्या शिरितोरीत ही चलाखी फार थोडी चालते.

अक्षरबंधनाला मराठी साहित्यही अपरिचित नाही. मोरोपंतांनी (1729–1794) ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचले, आणि एका चरणाच्या शेवटची अक्षरे पुढील चरणाच्या आरंभी आणणारे दामयमक तर पंडित कवींच्या हातचा मळ होते. या कसरतींना पुढील टीकाकारांनी कृत्रिम ठरविले, ते बव्हंशी रास्तही होते. मात्र तेथे बंधन रचनाकारावर होते. काराओकेत रचना आधीच झालेली आहे आणि बंधन आहे ते निवडणाऱ्यावर. म्हणून पंडिती काव्याविरुद्धचा आक्षेप जसाच्या तसा येथे लागू करता येत नाही.

निवडीचे ओझे

काराओकेत गाणे निवडणे ही वरवर दिसते तितकी निर्धास्त कृती नाही. प्रत्येक जपानी माणसाचे एखादे हुकमी गाणे असते. त्याला 'ओहाको' म्हणतात. तो शब्द 'अठरा क्रमांक' अशा चित्रलिपीत लिहिण्याची प्रथा आहे, आणि तिचा संबंध इचिकावा या नटघराण्याने एकोणिसाव्या शतकात निवडलेल्या अठरा काबुकी नाटकांशी जोडला जातो. ओहाको असणे सुरक्षित असते, पण तोच पिंजराही होतो. वरिष्ठाचे हुकमी गाणे कनिष्ठाने आधी गाऊन टाकू नये, हा अलिखित संकेत आहे. फार जुने निवडले तर तरुण कंटाळतात, फार नवे निवडले तर वडीलधारे गप्प बसतात. निवड ही गायकाच्या वयाची, वर्गाची आणि रुचीची जाहीर कबुली ठरते.

आद्याक्षराचा नियम ही कबुली पुढे ढकलतो. 'आमागी-गोए' हे सायुरी इशिकावा यांचे 1986 चे एन्का वळणाचे गीत विशीतल्या मुलीने का निवडले, या प्रश्नाला 'आ' आला म्हणून, एवढे उत्तर पुरते. जे गाणे तिला मनातून आवडत होते पण मैत्रिणींसमोर म्हणण्याचा संकोच होता, तेही या आडोशाने म्हणता येते. वरिष्ठालाही मुलाच्या चित्रमालिकेचे गाणे म्हणण्याची मुभा मिळते; योको ताकाहाशी यांचे 1995 चे 'झांकोकु ना तेन्शी नो तेझे' हे अशाच एका मालिकेचे गीत सर्व वयांच्या ओठी का गेले, याची कारणे अनेक आहेत, आणि 'सा' ओळीतील 'झा' ने आरंभ होणारी परिचित गाणी फारशी नाहीत, हेही त्यांतील एक किरकोळ कारण असू शकेल. अक्षराला वय नसते आणि हुद्दाही नसतो. अर्थात हा आडोसा पूर्ण नाही. 'आ' ची शेकडो गाणी असताना हेच का, हा प्रश्न उरतोच. 'रु' किंवा 'नु' आला की मात्र तो खरोखरच विरतो.

आक्षेप असा येऊ शकतो की गीत हे भावनेचे माध्यम असल्याने त्याची निवड अक्षरावर सोपविणे हा गीताचा अवमान आहे. या आक्षेपात तथ्य आहे. विरहाच्या गाण्यानंतर लगेच खाऊचे गाणे येते आणि कोणताच भाव ठरत नाही. परंतु आवडीने निवडलेल्या काराओकेतही गाणी कोणत्या भावसूत्राने येतात? तेथे ओळखीची दहा-बारा गाणी पुनःपुन्हा येतात. अक्षर निदान अकराव्या गाण्याला संधी देते.

अनुक्रमणिकेचे पान

काराओकेच्या खोलीत पूर्वी एक जाडजूड पुस्तक असे. 'मोकुजिबोन', म्हणजे अनुक्रमणिकेचे पुस्तक. त्यात गाणी शीर्षकांच्या गोजूओन क्रमाने छापलेली असत, गायकांच्या क्रमाने वेगळी यादी असे, आणि शीर्षकाशेजारी गीताचे आरंभीचे शब्द व यंत्रात भरावयाचा क्रमांक दिलेला असे. येथे चित्रलिपीचा प्रश्न उद्भवे. शीर्षक वाचता आले तरच ते सापडणार. शिंजी तानिमुरा यांचे 1980 चे प्रसिद्ध गीत एकाच चित्राक्षराने लिहिले जाते; त्याचे वाचन 'सुबारु', म्हणजे आपल्याकडील कृत्तिका. त्याच चिन्हाचे चिनी वळणाचे वाचन 'बो' असे आहे. 'बो' ला 'हो' जवळ शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही.

या पानाचे एक वैशिष्ट्य होते. उच्चारक्रमाने लावलेल्या यादीत अर्थाने दूर असलेली गाणी शेजारी येतात. 'आमाइरो नो कामी नो ओतोमे' हे 'द व्हिलेज सिंगर्स' या वृंदाचे 1968 चे गीत. तेथे 'आमा' म्हणजे जवसाचा धागा. 'आमागी' हे पर्वताचे नाव. चित्रलिपीत दोन्हींची चिन्हे वेगळी, काळ वेगळा, ढंग वेगळा. पण एकाकडे जाणारे बोट दुसऱ्याजवळून सरकत जाई. अनेक गाणी या सरकत्या बोटाने लोकांना भेटली असतील. काराओकेतील आद्याक्षराचा खेळ आणि हे पुस्तक यांची वृत्ती एकच होती.

तारेवरून गाणी येऊ लागल्यावर यादी इतकी वाढली की ती कागदावर मावेना. पुस्तकाची जागा हातात धरावयाच्या पाटीने घेतली. तिचे प्रचलित नाव 'देन्मोकु' हे 'विद्युत अनुक्रमणिका पुस्तक' या अर्थाच्या जपानी शब्दाचे लघुरूप आहे. पुस्तक गेले तरी नावात ते उरले आहे. या पाटीवर गाण्याचे पूर्ण नाव टंकित केले की तेच गाणे समोर येते आणि शेजारी राहत नाहीत. ज्याला जे हवे ते अचूक मिळते; जे हवे आहे हे ठाऊकच नव्हते, ते मिळत नाही. अशा स्थितीत खोलीतील एखादा जण नियम सुचवितो, पाटीवर एकच 'रु' टंकितो आणि तेथेच थांबतो. पडद्यावर यादी उतरू लागते आणि तिच्यात 1981 ची ती माणकाची अंगठीही असते. ती गायिली गेली तेव्हा ज्यांचा जन्म झाला नव्हता, त्यांच्यापैकी कोणीतरी ध्वनिक्षेपक हाती घेतो.